वाटप नको, आधी माप घ्या

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. या दोन्ही दिवसांच्या आसपास आपल्या वस्त्यांमध्ये एक कार्यक्रम हमखास होतो. मंडप पडतो, बॅनर लागतो, टेम्पोतून दहा-पंधरा तीनचाकी सायकली, व्हीलचेअर आणि कुबड्या उतरतात. पाहुणे येतात, नारळ-शाल होते, प्रत्येकाला साधनावर बसवून फोटो काढला जातो. टाळ्या होतात आणि मंडप सुटतो.

सहा महिन्यांनी त्याच गल्ल्यांतून एक फेरी मारा. तीनचाकी सायकल ताडपत्रीखाली गंजत असते. व्हीलचेअरच्या पाठीवर कपडे वाळत असतात. कुबड्या पोटमाळ्यावर गेलेल्या असतात आणि आजोबांचे श्रवणयंत्र कपाटातल्या डबीत झोपलेले असते. मग लोक म्हणतात, "यांना दिलेले वापरायची अक्कल नाही." वर हेही म्हणतात, "सायकल विकून टाकली असती तरी चार पैसे आले असते."

माझे मत असे की दोष त्या माणसाचा नाही. ते साधन त्याच्यासाठी बनलेलेच नव्हते. कोणी त्याच्या शरीराचे माप घेतले नाही, कोणी त्याच्या घराचा दरवाजा पाहिला नाही, आणि त्याला दिवसभरात काय करायचे असते हे कोणी विचारले नाही. दुकानातून चप्पल घेतानासुद्धा आपण पाय घालून पाहतो. मग ज्या खुर्चीत एखाद्याने दिवसाचे दहा-बारा तास बसायचे, ती मात्र डोळे झाकून कशी द्यायची?

चुकीच्या मापाने शरीराचे काय होते

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून आधी शरीराचे बोलू. खुर्चीची बैठक गरजेपेक्षा रुंद असली की माणूस एका बाजूला कलतो. महिनोन्‌महिने तसेच बसून पाठीचा कणा वाकतो. चाके लांब पडल्यामुळे हात पसरून खुर्ची ढकलावी लागते आणि खांदे कायमचे दुखू लागतात. पाय ठेवायची पट्टी उंच असली की गुडघे वर येतात आणि सगळा भार बसण्याच्या हाडांवर जातो. पट्टी खाली असली तर पाय लोंबकळतात आणि माणूस पुढे घसरत राहतो.

सर्वांत मोठा धोका असतो तो कमरेखाली संवेदना नसलेल्यांना. इमारतीच्या बांधकामावरून, झाडावरून पडून मणक्याला मार लागलेले असे तरुण आपल्या वस्त्यांत आहेत. तुम्हाआम्हाला एका जागी बसून दुखू लागले की आपण नकळत कूस बदलतो. त्यांना दुखतच नाही. दाबाखालच्या कातडीला रक्त मिळत नाही, ती आतून मरते आणि जखम होते. ती हाडापर्यंत जाऊ शकते. तिच्यातून जंतू रक्तात पसरले तर जीवही जातो. योग्य मापाची खुर्ची, तज्ज्ञाने ठरवलेली गादी आणि दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून भार हलका करण्याची सवय, या तीन गोष्टींनी अशा बहुतेक जखमा टाळता येतात. म्हणून "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे" हे वाक्य या बाबतीत नेहमीच खरे नसते. चुकीचे साधन इजा करते.

लहान मुलांचे आणखी वेगळे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मोठ्यांच्या व्हीलचेअरमध्ये उशा कोंबून बसवले जाते. मान एकीकडे आणि कंबर दुसरीकडे जाते. असे बसलेल्या मुलाला घास नीट गिळता येत नाही, हाताने काही धरता येत नाही, आणि घरच्यांना वाटते की याला काही जमतच नाही. त्याच मुलाला कंबर, पाठ आणि पाय यांना नेमका आधार देणारी बैठक मिळाली की हात मोकळे होतात, नजर समोर येते, शाळेत बसण्याची शक्यता तयार होते. मूल तेच असते, फरक फक्त बैठकीने पडतो.

तीन मापे

माझ्या मते प्रत्येक साधनाला तीन मापे लागतात.

पहिले माप शरीराचे. व्हीलचेअरसाठी माणसाला कडक बाकावर सरळ बसवून कमरेखालची रुंदी मोजतात. बैठक जवळपास तेवढीच रुंद हवी. मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंतची लांबी मोजून त्यातून दोन-तीन बोटे कमी केली की बैठकीची खोली मिळते. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतच्या लांबीवरून, गादीची जाडी धरून, पाय ठेवायची पट्टी कुठे हवी ते ठरते. चाकाच्या वरच्या टोकावर हात ठेवल्यावर कोपर साधारण काटकोनात यावे. अंधांसाठीची पांढरी काठी उभ्या माणसाच्या छातीच्या हाडापर्यंत पोचेल, एवढी लांब धरण्याचा जुना प्रघात आहे. मुलाच्या श्रवणयंत्राचा कानातला साचा त्याच्याच कानाचा ठसा घेऊन बनवावा लागतो आणि कान वाढला की तो बदलावा लागतो. नाहीतर यंत्र शिट्टी मारते आणि मूल ते काढून फेकते.

दुसरे माप घराचे. सर्वसाधारण मोठ्या व्हीलचेअरची बाहेरची रुंदी पंचवीस ते सत्तावीस इंच असते. आपल्या कितीतरी खोल्यांचा दरवाजा त्याहून जेमतेम मोठा असतो, आणि खाली उंबरा असतो. बाहेर गटारावरची हलणारी फरशी, पुढे दोन माणसे समोरासमोर आली की अंग चोरावे लागेल अशी गल्ली, आणि शौचालय वस्तीच्या टोकाला. या वाटेवर मोठ्या इमारतीच्या लिफ्टसाठी बनलेली खुर्ची काय कामाची? शिवाय आपले जगणे जमिनीवरचे आहे. आपण खाली बसून जेवतो, खाली झोपतो, मोरीत खाली बसून आंघोळ करतो. उंच खुर्चीतला माणूस घरच्या पंगतीतूनच बाहेर पडतो.

तिसरे माप कामाचे. "तुम्हाला काय करायचे आहे?" हा प्रश्न वाटप करणाऱ्याने क्वचितच विचारलेला असतो. एका बाईला शिलाई मशीन चालवायचे असेल, तर पायाच्या पट्टीऐवजी हाताने किंवा कोपराने दाबता येणारी कळ बसवता येते. एखाद्याला भाजी विकायची असेल, तर हाताने चालवायच्या सायकलला पुढे टोपल्यांची चौकट जोडता येते. एखाद्या आजीची इच्छा फक्त एवढीच असेल की शौचाला जाताना सुनेला हाक मारावी लागू नये. तिच्यासाठी भिंतीला घट्ट बसवलेला पाइप आणि लोखंडी चौकटीची कमोड खुर्ची म्हणजेच स्वातंत्र्य. दुसऱ्याला हाक न मारता शौचाला जाता येणे याला मी छोटी गोष्ट मानत नाही. माणसाचा स्वाभिमान तिथूनच सुरू होतो.

जयपूरचा धडा

मापाने बनवणे म्हणजे परदेशी आणि महागडे काहीतरी, असा समज आहे. तो खोडून काढणारे उदाहरण आपल्याच देशात आहे. पूर्वी मिळणारा कृत्रिम पाय बुटात घालून फरशीवर चालण्यासाठी बनलेला होता. त्यात उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. खेड्यातल्या माणसाला तो मिळाला तरी तो घरी ठेवून पुन्हा कुबडी उचलत असे. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या दोघांनी रबराचा नवा पाय तयार केला. सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते. शर्मा फारसे शाळेत न गेलेले कारागीर होते. घोट्यात वळणारा, अनवाणी वापरता येणारा, उकिडवे बसू देणारा हा पाय पुढे ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर गेला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की साधन माणसाच्या जगण्याकडे पाहून बनवले, तेव्हाच ते वापरात आले. दुसरी अशी की डॉक्टरचे ज्ञान आणि कारागिराचा हात एकत्र आले, तेव्हाच ते बनले. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखणाऱ्या या समाजात ही दुसरी गोष्ट आपण नीट लक्षात ठेवली पाहिजे. वेल्डिंगवाला, सुतार, सायकल दुरुस्त करणारा, रिक्षाच्या सीट शिवणारा, शिंपी, चप्पल बनवणारा, ही सगळी माणसे आपल्या वस्तीत आहेत. कुष्ठरोग किंवा मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना मऊ रबराच्या तळव्याची, पायाच्या मापाची चप्पल वेळेवर मिळाली, तर पायाची जखम आणि पुढे बोटे कापण्याची वेळ टाळता येते.

हे काम मोठ्या रुग्णालयातच होते असेही नाही. मेक्सिकोतल्या एका डोंगराळ खेड्यात ‘प्रोजिमो’ नावाचा प्रकल्प १९८०च्या दशकात उभा राहिला. तिथे खुर्च्या, कॅलिपर आणि मुलांच्या बैठकी बनवणारे बहुतेक कारागीर स्वतःच अपंग होते. कुठे टोचते, कुठे घसरते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

वस्तीत काय बनवता येईल, काय नाही

बऱ्याच गोष्टी आजच बनवता येतील. बोटे वळत नसतील तर चमच्याच्या दांडीवर सायकलच्या मुठीचे रबर चढवा. पकड अजिबात नसेल तर तळहाताभोवती कापडी पट्टा शिवून त्यात चमचा किंवा पेन अडकवा. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करा. मोरीत बसायला न घसरणारे बुटके बाक ठेवा. नळाची गोल चावी बदलून लांब दांड्याची बसवा. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला आधाराचा पाइप लावा. मात्र प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून कमोड खुर्ची करू नका. ती अचानक तडकते. लोखंडी चौकटच वापरा.

काही गोष्टी मात्र घरी बनवू नयेत. कॅलिपर, हातापायाचे स्प्लिंट, कृत्रिम पायाचा साचा, मणक्याच्या रुग्णाची गादी आणि मुलाच्या मानेला आधार देणारी बैठक ही कामे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा कृत्रिम अवयव तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावीत. नवे साधन पहिल्यांदा थोडाच वेळ वापरा आणि काढल्यावर कातडी पाहा. लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर साधन परत दाखवा, सवय होईल म्हणून सोसू नका. वाढत्या मुलांचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या.

हक्क कुठे अडतो

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरात अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते, तर अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतरांमध्ये २.१८ टक्के. फरक आकड्यात छोटा दिसतो, पण त्यामागे धोक्याची कामे, अपुरे अन्न आणि उशिरा मिळणारे उपचार आहेत. म्हणून हा प्रश्न कोणा वेगळ्या लोकांचा आहे असे समजू नका. तो आपल्या घरातला आहे.

सरकारने ‘अपंग’ शब्द बदलून ‘दिव्यांग’ केला. शब्द बदलला, पण खुर्चीचे माप तेच राहिले. कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो आणि हक्कांची भाषा बोलतो, उपकाराची नाही. केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्या नावातच साधनाची ‘खरेदी’ आणि साधन ‘बसवणे’ असे दोन्ही शब्द आहेत. बसवणे म्हणजे त्या माणसाला नीट जमेपर्यंत जुळवणे. शिबिरात मात्र खरेदी होते आणि बसवणे राहून जाते.

याच योजनेत एक अट आहे, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. त्याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत सरकार, स्थानिक संस्था किंवा स्वयंसेवी संस्थेकडून मदत घेतलेली नसावी लागते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. म्हणजे आज फोटोसाठी घेतलेली चुकीच्या मापाची खुर्ची पुढची तीन वर्षे योग्य खुर्चीचा रस्ता अडवू शकते. म्हणूनच शिबिरात गप्प बसू नका. सही करण्याआधी विचारा: माप कोण घेणार? बदल करून मिळेल का? वापरायचे कसे ते कोण शिकवणार? मोडले तर दुरुस्ती कुठे? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर सेवेचे आठ टप्पे सांगितले आहेत. त्यात तपासणी, जुळवणी, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती हे सगळे येते. तेव्हा हे प्रश्न विचारणे म्हणजे नखरे नव्हेत.

काही जण म्हणतील, एवढा पैसा कोण देणार? महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो खर्चच होत नाही, किंवा थोडी थोडी रोख वाटून संपवला जातो. ग्रामसभेत आणि वॉर्डात आपण ठरावाने मागू शकतो की यातला ठरावीक हिस्सा मापाची साधने आणि त्यांची दुरुस्ती यासाठी राखून ठेवा. एका दुरुस्त केलेल्या खुर्चीचा खर्च, एका जखमेच्या शस्त्रक्रियेपेक्षा नेहमीच कमी असतो.

ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र नाही, त्यांनी ते आधी काढावे. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के अपंगत्वाची नोंद लागते. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, वांद्र्याला श्रवणदोषासाठी अली यावर जंग संस्था आहे, पुण्यात १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. बाहेरगावच्या लोकांनी आपल्या जिल्ह्यातल्या दिव्यांग पुनर्वसन केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

धम्माची दृष्टी

विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची हकिकत येते. चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून रक्त वाहू लागले. भगवान बुद्धांनी त्याला एकेरी तळव्याची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, ती फक्त मला नको, सर्वांना असेल तर घेईन. तेव्हा ती सर्व भिक्खूंना दिली गेली. काठी घेऊन फिरण्यास मनाई असतानाही, काठीशिवाय चालू न शकणाऱ्या आजारी भिक्खूला संघाच्या संमतीने काठीची मुभा मिळाली. बुद्धांनी पायाकडे पाहून नियम बदलला. नियमात बसत नाही म्हणून पायाला दोष दिला नाही. आणि सोणाने मागितले ते स्वतःपुरते नव्हते. माझ्या दृष्टीने हक्काची मागणी अशीच असते.

साधन वापरायची लाज वाटणाऱ्यांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. शेवटच्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांना काठीचा आधार घ्यावा लागत होता, दृष्टीही क्षीण झाली होती. त्याच काळात त्यांनी धम्मग्रंथाचे लेखन पूर्ण केले आणि लाखोंना दीक्षा दिली. काठीने माणूस लहान होत नाही.

मंडळांना विनंती

यंदाच्या जयंतीला वाटपाचा मंडप घालू नका. त्याच पैशात विहारात दोन दिवसांचे माप शिबिर घ्या. एक फिजिओथेरपिस्ट, एक वेल्डिंगवाला, एक सुतार आणि एक शिंपी बसवा. घरोघरी जाऊन दरवाजा, उंबरा आणि मोरी मोजा. प्रत्येकाला आधी विचारा, मग बनवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहा. ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांनाच समितीत घ्या. वापरात नसलेली जुनी साधने गोळा करून दुरुस्त करा. वस्तीतल्या एखाद्या अपंग तरुणाला हे काम शिकवले तर त्याला रोजगारही मिळेल.

आणि सुरुवात विहारापासून करा. पायरी एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब हवा, हा साधा हिशेब आहे. ज्या वंदनेला व्हीलचेअरवरची ताई दारातच थांबते, ती वंदना अजून सगळ्यांची झालेली नाही. पुढच्या पौर्णिमेच्या आधी हे काम करून घ्या. फोटो तेव्हा काढा, जेव्हा ती ताई कोणाचाही हात न धरता आत येईल.

जयभीम.